‘आब्लाबा’तला ‘बा’ आणि आपला ‘होता’

प्रश्न असा आलाय: स्पॅनिशमधलं ‘आब्लार’ (बोलणे) हे नियमित क्रियापद इम्पेर्फेक्तो काळात कसं चालवायचं, आणि त्या काळाला मराठीत ‘अपूर्ण भूतकाळ’ म्हणायचं ना?

आधी उच्चार. ‘हाब्लार’ नव्हे, ‘आब्लार’. स्पॅनिशमध्ये ‘ह’ लिहितात, बोलत नाहीत. शिकवणाऱ्यांच्या तोंडूनही ‘हाब्लाबा’ ऐकलं की कान दुखतात.

रूपं सोपी आहेत. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते या क्रमानं: आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान. ‘मी’ आणि ‘तो’ यांचं रूप एकच, कारण स्पॅनिश जिच्यातून आली त्या लॅटिनमधले शेवटचे ‘म’ आणि ‘त’ गळून पडले. ‘कोमेर’ (खाणे, जेवणे) आणि ‘बिबीर’ (राहणे, जगणे) यांना ‘बा’ऐवजी ‘ईआ’ लागतो: कोमीआ, कोमीआस, कोमीआ, कोमीआमोस, कोमीआइस, कोमीआन. अनियमित क्रियापदं संपूर्ण भाषेत तीनच: सेर (असणे), इर (जाणे), बेर (पाहणे). झालं.

आता ‘अपूर्ण’. इथे माझं ठाम म्हणणं आहे की हे नाव अर्धंच खरं आहे, आणि त्यापायी विद्यार्थी प्रत्येक ‘कोमीआ’चं भाषांतर ‘जेवत होतो’ असं ठोकून देतात. ‘तू आलास तेव्हा कोमीआ’ म्हणजे जेवत होतो, बरोबर. पण ‘लहानपणी दोन वाजता कोमीआ’ म्हणजे जेवायचो! आपल्याकडे त्यासाठी रीतिभूतकाळ आहे. ‘जेवत असे’, ‘जेवायचो’ अशी सुरेख रूपं हाताशी असताना ‘लहानपणी मी दोन वाजता जेवत होतो’ असलं लंगडं मराठी का लिहायचं? नेब्रिखा या स्पॅनिश व्याकरणकारानं 1492 च्या व्याकरणात या काळाला ‘न संपलेला भूत’ म्हटलं, आणि तेच पुढे सगळ्यांनी गिरवलं. आंद्रेस बेल्यो या काराकासमध्ये जन्मलेल्या पंडितानं 1847 मध्ये त्याला ‘कोप्रेतेरितो’ हे नाव दिलं. म्हणजे सहभूत: दुसऱ्या एखाद्या भूतकाळच्या क्षणासोबत चालू असलेला. क्रिया संपली की नाही याच्याशी या काळाला देणंघेणं नाही, ती तेव्हा चालू होती एवढंच तो सांगतो. स्पॅनिश भाषेची माद्रिदमधली अकादमी आजही ‘इम्पेर्फेक्तो’ पुढे ठेवते आणि बेल्योचं नाव त्याच्या जोडीला देते. माझ्या मते क्रम उलटा हवा.

पण खरी गंमत त्या ‘बा’त आहे. व्याकरणाची पुस्तकं त्याला नुसता प्रत्यय म्हणून सोडून देतात, हे मला पटत नाही. लॅटिनमध्ये ‘आमाबाम’, म्हणजे ‘प्रेम करत होतो’. त्यातला ‘बाम’ ज्या मुळातून आला तेच मूळ संस्कृतात ‘भू’ (होणे) झालं. मूळचा ‘भ’ लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मध्ये आला की ‘ब’ होतो. लॅटिनच्या शेजारच्या, प्राचीन इटलीतल्या ऑस्कन भाषेत त्याच जागी ‘फ’ होतो, आणि तिथल्या आबेल्ला गावच्या शिलालेखात ‘ते होते’ यासाठी ‘फुफान्स’ असं रूप कोरलेलं आहे. इतका सरळ पुरावा क्वचित मिळतो. आणि आपलं ‘होणे’? संस्कृत ‘भवति’, प्राकृत ‘होइ’, मराठी ‘होणे’. ‘होता’ त्याच घराण्यातला. म्हणजे ‘आब्लाबा’ आणि ‘बोलत होता’ यांची घडण एकच: पुढे क्रिया, मागे ‘भू’. आपल्याकडे सांधा अजून उघडा दिसतो, तिथे दोन हजार वर्षांपूर्वीच बुजला होता. दोन्ही ठिकाणी धातू मात्र तोच. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी वही बाजूला ठेवून नुसता ‘बोलत होता, आब्लाबा’ म्हणत बसलो होतो.

‘कोमीआ’त हा ‘ब’ का नाही? होता, झिजला. लॅटिन ‘एबाम’चं ‘एआ’ झालं आणि मग ‘ईआ’. इटालियननं तो ‘व’ करून जपलाय: तेमेवा, दोर्मीवा. स्पॅनिशमध्ये ‘आब्लार’च्या गटाबाहेर राहून हा ‘ब’ जपणारं एकच क्रियापद आहे, ‘इर’, म्हणजे जाणे. ते नियमित नाही, प्रश्नही त्याचा नव्हता, पण ‘इबा’ (जात होता) हे रूप नीट पाहा: ‘इ’ म्हणजे संस्कृत ‘एति’तला जाण्याचा धातू, आणि ‘बा’ म्हणजे ‘भू’.