नववीतल्या मुलाचा खर्रा कसा सोडवायचा? नुसती सुपारी दिली तर चालेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की नववीतल्या मुलाच्या दप्तरात खर्र्याची पन्नी सापडली, तो वर्षभरापासून खातोय असं कळलं, आणि घरातले मोठे म्हणतात, "तंबाखू सोडू दे, नुसती सुपारी खाल्ली तर चालेल." या शेवटच्या सल्ल्याबद्दल आधी सांगतो, कारण तोच सगळ्यात घातक आहे. नुसती सुपारी अजिबात चालत नाही.

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला. चुन्यामुळे तंबाखूतलं निकोटिन गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरतं, म्हणून तलफ लवकर पक्की होते. सुपारीत अरेकोलिन असतं. ते स्वतःची वेगळी सवय लावतं, आणि त्याच्यामुळे गालाच्या आत कठीण तंतू साचत जातात. गाल आतून पांढरट, चामड्यासारखा ताठ होतो आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. याला डॉक्टर 'सबम्युकस फायब्रोसिस' म्हणतात. खाणं थांबवलं तर त्याची वाढ बहुतेक वेळा थांबते, पण साचलेले तंतू आपोआप विरघळत नाहीत, आणि अशा तोंडात पुढे कर्करोग होण्याचा धोका वाढलेला राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविना सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलं आहे. त्यामुळे सुगंधी सुपारी, पानमसाला, 'विनातंबाखू' लिहिलेली पुडी, यातलं काहीही पर्याय म्हणून देऊ नका.

पहिलं काम तोंड तपासायचं. खळखळून चूळ भरायला लावा आणि उजेडात, मोबाईलचा टॉर्च धरून बघा. त्याने तोंड पूर्ण उघडून स्वतःचीच तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका उभी एकावर एक धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालावीत. तिन्ही बोटं सहज गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर दंतवैद्याकडे जायला आठवडाही थांबू नका. मग ओठांची आतली बाजू, दोन्ही गाल, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा आणि टाळू बघा. मुख्य म्हणजे तो ज्या गालात खर्रा धरतो तो गाल. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, एखादी गाठ, जीभ पूर्ण बाहेर न येणं, यातलं काही दिसलं तर डॉक्टर. आणि एक प्रश्न जरूर विचारा: भाजीतलं तिखट पूर्वीपेक्षा जास्त झोंबतं का? पुष्कळदा तोंड आखडायच्या आधी ही जळजळ सुरू होते. सगळं ठीक दिसलं तरी एकदा दंतवैद्याला दाखवा, सुरुवातीचा ताठपणा बोटाने दाबूनच कळतो.

बोलताना मारहाण आणि शपथा नकोत. शपथ मोडली की मुलगा लपवायला शिकतो, आणि लपवलेली सवय सोडवणं फार अवघड जातं. शांतपणे तीन गोष्टी विचारा: दिवसाला किती, सकाळी उठल्यावर पहिला कधी, आणि कोणाबरोबर. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर शरीर निकोटिनवर चांगलंच अवलंबून आहे. मग एकट्या निर्धारावर सोडू नका.

येत्या आठवड्याभरातला, परीक्षा किंवा लग्नकार्य नसलेला एक दिवस त्याच्याकडूनच ठरवून घ्या. त्या दिवशी खिसा, दप्तर, गादीखालचं सगळं बाहेर. खर्रा बंद केल्यावर काही तासांतच त्रास सुरू होतो: चिडचिड, डोकेदुखी, अभ्यासात लक्ष न लागणं, झोप उडणं, भूक वाढणं, पोट साफ न होणं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड जातात, पुढे दोन ते चार आठवड्यांत बरंच ओसरतं. या दिवसांत तो उर्मटपणे बोलला तर ते मनावर घेऊ नका.

तलफेची एक लाट बहुधा पाच-दहा मिनिटांची असते. तेवढा वेळ काढायचा: घोट घोट पाणी, सावकाश खोल श्वास, जागेवरून उठून बाहेर एक चक्कर. तोंडाला चाळा म्हणून बडीशेप, भाजलेले तीळ, आवळ्याचे तुकडे. मात्र तोंड आधीच झोंबत असेल तर लवंग आणि आंबट टाळा. निकोटिनचं च्युइंगगम मेडिकलमधून परस्पर आणू नका, अठराच्या आतल्या मुलाला ते फक्त डॉक्टरांच्या सल्ल्याने.

मध्येच एकदा खाल्ला तर सगळं बुडालं असं समजू नका. कुठे, कोणाबरोबर, कशानंतर, एवढं विचारा आणि ती वेळ बदला. शाळा सुटल्यावर पानठेल्यावरून यायचा रस्ता असेल तर काही दिवस दुसऱ्या रस्त्याने आणा.

घरातल्या मोठ्यांसाठीही एक सांगायचंय. वडील किंवा आजोबा खर्रा खात असतील आणि आणायला पोरालाच धाडत असतील, तर ते आजच बंद करा. तंबाखू नियंत्रण कायद्याने (२००३) अठराच्या आतल्याला तंबाखू विकणं आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकणं गुन्हा आहे. बाल न्याय कायद्याच्या (२०१५) कलम ७७ खाली मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शाळेजवळचा ठेला असेल तर मुख्याध्यापकांना सोबत घेऊन पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या.

मोफत मदतीसाठी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे: १८००-११२-३५६. तिथे समुपदेशक ठरवलेल्या दिवसानंतरही पुन्हा फोन करून विचारपूस करतात. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्राची चौकशी करा. सोडल्यानंतरही दर महिन्याला एकदा तीन बोटांची तपासणी चालू ठेवा, आणि बोटं पूर्वीपेक्षा अडू लागली तर त्याच आठवड्यात दाखवा.