ताई, माझी मेमरी गेली का?

‘नवीन काही डोक्यात घातलं की जुनं बाहेर पडतं, आणि ऐन वेळी काहीच आठवत नाही.’ ही तक्रार घेऊन माझ्याकडे स्पर्धा परीक्षा देणारी मुलं येतात, गाणं शिकणारे येतात, चाळिशीनंतर नवं सॉफ्टवेअर शिकावं लागलेले तर हल्ली फारच. पण या तक्रारीत नेमकं काय चाललेलं असतं, हे मला एका बॅले नर्तकीमुळे कळलं. तिच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून लिहितेय.

ती ठाण्यात जन्मली, लंडनमध्ये वाढली आणि आता युरोपातल्या एका फिरत्या कंपनीत नाचते. वय 26. नायिका वगैरे नाही, ‘कोअर द बॅले’ म्हणजे समूहात. पहिल्या व्हिडिओ कॉलला हॉटेलच्या खोलीत फोन किटलीला टेकवून ती बुटांना फिती शिवत बसली होती. त्या पॉइंट शूजचं टोक कापड-कागदाच्या थरांना सरस लावून कडक केलेलं असतं, घामाने ते मऊ पडतं. त्यामुळे नवा जोड आणि सुईदोरा हे कायमचंच. दातांनी दोरा तोडत ती म्हणाली, “ताई, मी स्टेजवर विसरले. माझी मेमरी गेली का? टेस्ट करून घेऊ?”

झालं होतं ते असं. दौऱ्यावर ‘स्वान लेक’ हे हंसांच्या गोष्टीचं बॅले चालू होतं. दुपारी एकीचा घोटा मुरगळला आणि संध्याकाळच्या प्रयोगाला हिला तिच्या जागी उभं केलं. तळ्याकाठच्या अंकात हंसांच्या रांगा दोन बाजूंना असतात आणि एक बाजू दुसरीचं प्रतिबिंब असते. ही कायम डावीकडची, नवी जागा उजवीकडे. म्हणजे पावलं तीच, पण सगळीच उलटी. एका ठिकाणी बाकीच्या एकीकडे वळल्या, ही दुसरीकडे. सराव घेणारे बॅले मास्टर फारसे रागावले नाहीत, “व्हिडिओ बघून घे” एवढंच म्हणाले. तेव्हापासून ही रोज प्रयोगानंतर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघत होती. आणि आता तिला स्वतःच्या जुन्या जागेचीही खात्री वाटेना.

अशा वेळी मी आधी एक साधी चौकशी करते. विसरणं सगळीकडे आहे, की एकाच ठिकाणी? ट्रेनच्या वेळा, खोलीची किल्ली, मैत्रिणींचे वाढदिवस? तिथे काहीच अडत नव्हतं. (सगळीकडे अडत असेल, डोक्याला मार लागला असेल, तर आधी डॉक्टर. इथे झोपेची वाट लागलेली होती, ती मात्र नोंदवून ठेवली.)

मग माझी चूक झाली. मी तिला रंगमंचाच्या भीतीवरचे नेहमीचे उपाय दिले, श्वास, स्नायू सैल सोडणं. तिने आज्ञाधारकपणे केले. फरक शून्य. खरं तर स्नायू सैल कसे सोडायचे हे मी तिला शिकवावं, यातच गंमत होती.

तिसऱ्या भेटीत मी म्हटलं, “जिथे चुकलीस ते करून दाखव.” खोलीत जागा नव्हती, म्हणून तिने ‘मार्किंग’ केलं. नाचणारी माणसं दम राखायला पूर्ण न नाचता हातांनी पावलं दाखवतात, तसं. बोटं पाय झाली, खांदे वळले. ते बघताना माझ्या लक्षात आलं, की तिची नजर सारखी समोरच्या कोऱ्या भिंतीवर जातेय.

“तिथे काय बघतेस?”

ती थांबली. “आरसा,” म्हणाली, आणि स्वतःच हसायला लागली.

सरावाच्या हॉलमध्ये समोर आरसा असतो, रंगमंचावर समोर असतो अंधार. आणि रात्री दोन वाजता ती जो व्हिडिओ बघायची तो प्रेक्षागृहातून घेतलेला, म्हणजे पडद्यावरचं डावं ते तिचं उजवं. रोज रात्री ती डोक्यात उलटापालट करत होती, दमलेल्या अवस्थेत, आणि वर झोप मोडून. दिवसभर शिकलेलं मुरतं ते झोपेत. तीच काढून घेतली तर कुठल्या जागेचं पक्कं होणार?

मी तिला पाणबुड्यांचा प्रयोग सांगितला. 1975 मध्ये गॉडन आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली आणि काही काठावर पाठ करायला दिले. पाण्याखाली शिकलेलं पाण्याखालीच जास्त आठवलं, काठावरचं काठावर. आठवण जागेला चिकटलेली असते. तिची मेमरी गेली नव्हती, आरशापाशी राहिली होती.

मग ठरलं ते तिनेच ठरवलं म्हणायला हवं. प्रयोगानंतर व्हिडिओ बंद. सकाळी बघायचा, तोही चित्राचं डावं-उजवं उलटवून, आणि फक्त जागा बदलण्याचे क्षण. प्रत्येक नव्या गावात सकाळच्या क्लासच्या आधी जाऊन रिकाम्या रंगमंचावर आपल्या जागी उभं राहायचं आणि आरशाऐवजी दुसरं काहीतरी धरायचं: बाहेर जायच्या दाराचा हिरवा दिवा, बाल्कनीचा कठडा, पुढचीचा डावा खांदा. आणि मोठ्याने बोलायचं. पावलांची नावं फ्रेंच, मोजणं इंग्रजीत, म्हणून ती जागेच्या खुणा मराठीत बोलायला लागली. “दिव्याकडे पाठ, मग हिच्या मागून.” नाचातलं काही आधी मराठीत शिकलेलं नसल्यामुळे त्याची सरमिसळ होत नाही, हे तिचं म्हणणं. मला पटलं.

सगळं सुटलं असं नाही. करार दरवर्षी नव्याने होतो, आणि आई दर फोनला विचारते, “अजून मागच्याच रांगेत का गं?” त्यावर आम्ही वेगळं बोलतोय. आईला मी एकदा सांगून पाहिलं, की एकाच नाटकातल्या पाच जागा पाठ असलेली मुलगी कंपनीला किती मोलाची असते. त्या म्हणाल्या, “ते ठीक आहे हो, पण दिसत नाही ना ती!”

या मोसमात कंपनीने ‘ला बायादेर’ हे बॅले घेतलंय, 1877 चं, नृत्यरचनाकार पेतिपाचं. गोष्ट भारतातली, देवदासी नायिका. त्यात ‘सावल्या’ झालेल्या, पांढऱ्या वेशातल्या नर्तकी एकामागून एक उतारावरून खाली येतात, एकच पाऊल पुन्हा पुन्हा करत. सगळ्यात पुढे असते तिला ते सर्वाधिक वेळा करावं लागतं. हिला तिसरी जागा मिळालीय, आणि पहिलीची बदली म्हणूनही तयार राहायचंय.

परवा तिने फोटो पाठवला. रिकामं प्रेक्षागृह, कोपऱ्यात हिरवा दिवा. खाली लिहिलं होतं, “इथे दिवा डावीकडे आहे. पायांना सांगून ठेवलंय. आता झोपते.”