किंमत अडीच पट, किलोमीटर सहा पट

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. तुम्ही आठवड्याला चाळीस किलोमीटर धावता. मंगळवारी इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं सावकाश, असं आलटूनपालटून), गुरुवारी टेम्पो (बराच वेळ टिकवता येईल असा जोरकस वेग), शनिवारी सावकाश सहा आणि रविवारी सोळाचा लाँग रन. वीस आठवड्यांनी हाफ मॅरेथॉन आहे. मागची दोन तास पाच मिनिटांत झाली, यंदा दोन तासांच्या आत यायचंय. रोजच्या शूजचे 520 किलोमीटर झालेत. धावण्यासाठी वर्षभर बाजूला ठेवलेले पैसे कार्बन प्लेटच्या, म्हणजे तळात कार्बनची कडक पट्टी असलेल्या शर्यतीच्या शूजच्या, एका जोडाला बरोबर पुरतात. तो आता घ्यावा, वेगाच्या सरावात वापरून शर्यतही त्यातच धावावी, आणि रोजचा जोड संपला की नवा हप्त्यांवर घ्यावा, असा तुमचा बेत आहे.

मी सांगेन, हा बेत बदला. पैसे तेवढेच लागतील, पण त्यांतून वेगळे शूज घ्या.

चलनाचा घोळ नको म्हणून किमती भागांत मांडते. तुम्ही पाठवलेल्या तीन किमतींचं गुणोत्तर असं येतं: रोजचा जोड 7 भाग, नायलॉन प्लेटचा (पट्टी नायलॉनची, थोडी वाकणारी) 10 भाग, कार्बन प्लेटचा 18 भाग. म्हणजे कार्बनचा जोड रोजच्याच्या साधारण अडीच पट. पण शूज आपण किलोमीटर घालण्यासाठी घेतो. रोजचा जोड 700 किलोमीटर चालतो असं धरलं, तर शंभर किलोमीटरला 1 भाग पडतो. नायलॉनवाला 500 चालला तर शंभराला 2 भाग. कार्बनचा रेसिंग शू मी 300 धरते, आणि तिथे शंभराला 6 भाग पडतात. दुकानातल्या चिठ्ठीवर अडीच पट दिसणारी वस्तू पायाखाली सहा पट महाग झालेली असते. माझा 300 चा अंदाज तुम्हाला कडक वाटला तर 400 धरा, तरी साडेचार भाग येतात.

हे शूज इतक्या लवकर का संपतात? त्यांचा सगळा जीव फोममध्ये असतो. रेसिंग शूजच्या मिडसोलमध्ये, म्हणजे तळाच्या मधल्या जाड थरात, पेबा जातीचा हलका, लवचीक फोम वापरतात. पाऊल दाबलं की तो खोल दबतो आणि दिलेल्या ऊर्जेचा मोठा हिस्सा परत करतो. तोच फोम वापराने लवकर मरतो. नव्या जोडात धावताना पेबाने साध्या ईव्हीए फोमपेक्षा ऊर्जा वाचवली, पण 450 किलोमीटर वापरलेल्या जोडांत तो फायदा जवळजवळ उरला नाही, असं एका अभ्यासात दिसलं आहे. तळाचं रबर तेव्हा अजून शाबूत असू शकतं, म्हणून शू चांगला दिसतो आणि आपण तो वापरत राहतो.

माझ्या घरी असा एक जोड आहे. मी तो घेतला आणि महागाचा आहे, वापरला नाही तर वाया जाईल, या विचाराने सावकाश धावण्यांतही घातला. आज तो टेबलावर ठेवून बघितला की मिडसोलच्या बाहेरच्या बाजूला, टाचेखाली, आडव्या बारीक सुरकुत्या दिसतात. उजव्या शूला जास्त, डाव्याला कमी. अंगठ्याने दाबलं तर नव्या जोडाइतकं बोट आत जात नाही, आणि गेलेलं बोट हळू परत येतं. शर्यतीच्या दिवसापर्यंत त्याचा उत्तम काळ माझ्या सोमवारच्या निवांत फेऱ्यांनी खाऊन टाकला होता. तुमच्या पत्रातलं 'वेगाच्या सरावातही आणि शर्यतीतही' हे वाक्य वाचून म्हणूनच मी थांबले.

आता तुमचे किलोमीटर मोजू. मंगळवारचे आठ, त्यांतले खरे वेगाचे पाच. गुरुवारचे दहा, त्यांतले टेम्पोचे सहा. म्हणजे आठवड्याला अकरा किलोमीटर वेगाचे, बाकीचे एकोणतीस वॉर्मअप, कूलडाउन, सावकाश आणि लाँग रन. वीस आठवड्यांत वेगाचे 220 होतात. कार्बनचा जोड फक्त त्यांतच घातला तरी शर्यतीच्या रेषेवर तुम्ही 220 किलोमीटर झालेला शू घालून उभे राहाल. वॉर्मअपला न बदलता पूर्ण सत्र त्यातच केलं तर आठवड्याचे अठरा होतात, आणि सतराव्या आठवड्यात, म्हणजे शर्यतीच्या आधीच, 300 ओलांडतात. रोजचा जोड संपल्यावर नवा येईपर्यंत 'तोवर यातच धावू' असं झालं, तर चाळीसच्या हिशोबाने साडेसात आठवड्यांत खेळ आटोपतो.

रोजचा जोड तर संपणारच आहे. ही गोष्ट तुमच्या पत्रात एका ओळीत येऊन गेली, माझ्या मते ती सगळ्यात महत्त्वाची आहे. 520 झालेत, म्हणजे आणखी 180 उरले. वेगाचे किलोमीटर दुसऱ्या शूवर टाकले तरी ते सहा आठवडे पुरतील. तुमच्या एकूण धावण्यातला जवळपास तीन चतुर्थांश भाग ज्या शूवर उभा आहे, त्यालाच पैसे उरत नाहीत, आणि त्यासाठी तुम्ही हप्ते काढणार. तुमच्याकडे 18 भाग आहेत. नायलॉनचे 10 आणि नव्या रोजच्या जोडाचे 7 मिळून 17 होतात. दोन्ही गरजा भागून एक भाग शिल्लक राहतो.

हप्त्यांबद्दल थोडंच सांगते. तुमचा आपत्कालीन निधी दोन महिन्यांच्या खर्चाइतका आहे, तो निदान सहा महिन्यांपर्यंत न्यायचा आहे. झिजून संपणाऱ्या वस्तूसाठी या स्थितीत कर्ज नको. 'बिनव्याजी' लिहिलेलं असलं तरी प्रक्रिया शुल्क आणि रोखीने घेतल्यास मिळाली असती ती सूट, दोन्ही मोजून बघा. उरलेला एक भाग त्या निधीत टाका.

तुम्ही विचाराल, पण वेग? कार्बनने वेग वाढतो हे खरं आहे. 2017 साली नायकीचा व्हेपरफ्लाय हा कार्बन प्लेटचा शू बाजारात आला तेव्हा त्याच्या नावातच चार टक्के होते. कोलोराडो विद्यापीठातल्या चाचणीत 18 वेगवान धावपटूंची ऊर्जा सरासरी सुमारे चार टक्क्यांनी वाचली होती. पण ते ताशी 14, 16 आणि 18 किलोमीटरने धावत होते. 14 म्हणजे किलोमीटरला सव्वाचार मिनिटं. तुमचा टेम्पो पावणेसहाचा आहे, म्हणजे ताशी साडेदहाच्या आत. पुढे कमी वेगावर चाचण्या झाल्या, तेव्हा ताशी 12 ला बचत दीड टक्क्याच्या आसपास आणि ताशी 10 ला एक टक्क्याच्या आसपास आली. माणसागणिक फरकही मोठा होता, काहींना फायदा झालाच नाही. एक टक्का धरला तर तुमच्या दोन तास पाच मिनिटांतून साधारण एक मिनिट कमी होईल. तुम्हाला पाचाहून थोडी जास्त हवीत. उरलेली चार वीस आठवड्यांच्या नियमित सरावातूनच येतील, आणि दुखापत होऊन तीन आठवडे घरी बसलात तर तीही जातील.

प्लेटबद्दलचा एक गैरसमज इथेच दूर करते, कारण तो थेट खिशाला लागतो. प्लेट स्प्रिंगसारखी उसळते आणि आपल्याला पुढे फेकते, असं बहुतेकांना वाटतं. तिचं मुख्य काम शूला कडकपणा देण्याचं आहे. बोटांच्या सांध्यात पाऊल कमी वाकतं, आणि मऊ, उंच फोमला आकार मिळतो. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हेपरफ्लायची प्लेट मुद्दाम आडवी कापून धावपटूंना पळवलं, तेव्हा ऊर्जेच्या खर्चात ठळक फरक पडला नाही. म्हणून नुसत्या 'कार्बन' या शब्दासाठी पैसे मोजू नका. कार्बन प्लेट आणि खाली साधा, जड फोम असलेले जोडही बाजारात आहेत. चांगला फोम आणि नायलॉन प्लेट हा सरावासाठी त्यांच्यापेक्षा सरस सौदा आहे. सॉकनी कंपनीच्या एंडॉर्फिन स्पीड या शूमध्ये नायलॉनची प्लेट असते आणि एंडॉर्फिन प्रोमध्ये कार्बनची. दोन्ही घालून दहा-दहा मिनिटं पळता आलं तर फरक पायाला लगेच कळतो. नायलॉन थोडी वाकते, वळणावर पाऊल डगमगत नाही, आणि किलोमीटरला पावणेसहा मिनिटांच्या पेसलाही शू अंगावर येत नाही. कार्बनचा शू त्या पेसला अनेकांना ताठ लागतो, आणि वळताना घोटा सांभाळावा लागतो.

दुखापतीचा मुद्दा घाबरवण्यासाठी मांडत नाही. 2023 मध्ये डॉक्टरांनी कार्बन प्लेटचे शूज वापरणाऱ्या पाच धावपटूंच्या पावलातल्या नॅव्हिक्युलर हाडाच्या ताण-दुखापती नोंदवल्या. पाच नोंदींवरून शूज दोषी ठरत नाहीत. पण शू बदलला की पायावरचा भार वेगळ्या जागी जातो, आणि त्या जागेला सवय व्हायला वेळ लागतो, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे. सरावाला लागलेला खंड हाही खर्चच आहे, आणि तो कुठल्याच बिलावर दिसत नाही.

तेव्हा नायलॉनचा जोड या आठवड्यात घ्या. त्या शूच्या मागच्या आवृत्तीत तुमच्या मापाचा जोड मिळाला तर तोच घ्या. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, धावायचे मोजे घालून बघा. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी आणि टाच वर सरकायला नको. पहिले दोन आठवडे फक्त मंगळवारी वापरा, तेही पाचपैकी दोन-तीन किलोमीटरच. पोटरी किंवा तळव्याची कमान दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त आवळली, तर पुढच्या मंगळवारी अंतर वाढवू नका. सगळं ठीक वाटलं की गुरुवारचा टेम्पोही त्यात आणा. वॉर्मअप जुन्या जोडात करायचा, मग मैदानाच्या कडेला बसून शूज बदलायचे. दोन मिनिटं जातात आणि आठवड्याला सात किलोमीटर वाचतात. उन्हात तापलेल्या गाडीत शूज ठेवू नका, आणि ओले झाले तर आतला तळवा काढून सावलीत वाळवा.

रोजचा नवा जोड आता नको, पाच-सहा आठवड्यांनी जुना संपत आला की घ्या. तोवर ते 7 भाग वेगळ्या खात्यात असू द्या, हाताशी राहिले की कार्बनकडे वळतात. हाफ मॅरेथॉनच्या दिवशी नायलॉनच्या जोडाचे साधारण 200 आणि नव्या रोजच्या जोडाचे 400 किलोमीटर झालेले असतील. दोन्हींत पुढच्या मोसमाचं धावणं शिल्लक असेल, आणि शर्यत नायलॉनच्याच जोडात धावा.

कार्बन कधीच घेऊ नका, असं मी म्हणत नाही. महत्त्वाची शर्यत, निधी सहा महिन्यांचा झालेला, पेस किलोमीटरला पाच मिनिटांच्या जवळ आलेला, आणि पैसे आधीच साठलेले, अशा वेळी तो जरूर घ्या. शर्यतीआधी त्यात तीन-चार वेगाची सत्रं करा, एखाद्या लाँग रनचा शेवटचा टप्पा करा आणि मग तो शर्यतीसाठी राखून ठेवा. वर्षाला दोन-तीन शर्यतींत वापरलेला जोड तीन मोसम सहज चालेल, आणि तेव्हा शंभर किलोमीटरचे सहा भाग मलाही जड वाटणार नाहीत.

एक छोटी वही करा. डाव्या पानावर रोजच्या जोडाचे किलोमीटर, उजव्या पानावर नायलॉनचे. पाचव्या आठवड्याच्या शेवटी दोन्ही पानांचे आकडे आणि गुरुवारच्या टेम्पोचा पेस मला कळवा. रोजचा जोड कधी बदलायचा ते तेव्हा नक्की करू.