अंजनेरीसारख्या उंच डोंगरावर वनस्पतींचा प्रकल्प करायचा आहे, चौकट कशी आखू?

आधी वनविभागाची लेखी परवानगी घ्या. अंजनेरी राखीव संवर्धन क्षेत्र आहे.

चौकट म्हणजे आतल्या वनस्पती मोजण्यासाठी आखलेला जमिनीचा चौकोनी तुकडा. झाडांसाठी १० × १० मीटर, झुडपांसाठी ५ × ५ आणि गवत-कंदांसाठी १ × १ मीटरची चौकट पुरते. बहुतेकांचं चुकतं ते उतारावर. टेप जमिनीलगत ताणला की आडवं अंतर कमी भरतं. ३० अंशांच्या चढावर १० मीटर आडवं अंतर हवं असेल तर उताराच्या दिशेनं ११.५५ मीटर टेप सोडावा लागतो. नाहीतर क्षेत्र लहान होतं आणि हेक्टरी झाडांचा आकडा चुकतो. कोन मोबाइलच्या क्लिनोमीटर अॅपवर मिळतो. झाडाचा घेर १.३७ मीटर उंचीवर, चढाच्या बाजूला उभं राहून मोजा.

पठारावर एकदाच जाऊन भागत नाही. कंदीलपुष्पाच्या जाती, त्यात इथलीच सेरोपेजिया अंजनेरिका, पावसाळ्यात वर येतात. पुढे कंद जमिनीखाली झोपतो. जानेवारीत गेलात तर नोंद 'नाही' अशी येईल आणि ती खोटी असेल. म्हणून जुलै ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला त्याच खुणेच्या चौकटी पाहा.

कंद उपटू नका, फोटो पुरे: फूल समोरून, बाजूनं, पान दोन्ही अंगांनी, शेजारी मोजपट्टी ठेवून. दुर्मीळ जातीचं अचूक जीपीएस स्थान अहवालात किंवा समाजमाध्यमांवर कृपा करून टाकू नका, कंद खोदून नेणारे तिथं पोचतात. ते फक्त वनविभागाला द्या. चराई आणि वणव्याच्या खुणांसाठी तक्त्यात वेगळा रकाना हवाच.