चित्र की अक्षर?

प्रश्न : स्पॅनिश राजवटीच्या आरंभकाळातील मेक्सिकोच्या हस्तलिखितांत माणसाच्या डोक्याशी बारीक रेघेने जोडलेला साप, ढाल किंवा पक्षी दिसतो. ही घराण्याची मानचिन्हे समजायची की नावे? — एक वाचक, सांगली

उत्तर : ती नावेच आहेत, आणि अ‍ॅझ्टेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत उच्चारल्याखेरीज ती नीट उलगडत नाहीत. 1560 च्या सुमारास तयार झालेल्या आणि आता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेल्या मेक्सिकोतील हुएशोत्सिंको या गावाच्या नोंदवहीत हजारो सामान्य कुटुंबप्रमुखांची डोकी रांगेने काढलेली असून प्रत्येकाजवळ त्याचे नावचित्र आहे. घराण्याच्या मानचिन्हांचा तर्क इथेच गळून पडतो.

इत्स्कोआत्ल हे नाव पाहा. ‘इत्स्त्ली’ म्हणजे ज्वालामुखीजन्य काळी काच आणि ‘कोआत्ल’ म्हणजे साप. मेंदोसा हस्तलिखितात या नावाच्या राजाजवळ पाठीवर काचेची पाती असलेला साप आहे, म्हणजे तिथे नावाचा अर्थ चितारला आहे. बेर्गारा हस्तलिखितात मात्र हेच नाव सापाविनाच लिहिले आहे : काचेच्या पात्यातून ‘इत्स’, मडक्यातून (कोमित्ल) ‘को’ आणि पाण्यातून (आत्ल) ‘आ’. पान आणि वेल काढून पनवेल लिहावे, तसाच हा प्रकार. ‘पा’चा ‘प’ झाला तरी वाचणारा अडत नाही. फ्रेंच अभ्यासक ओबँ यांनी एकोणिसाव्या शतकातच या उदाहरणाकडे लक्ष वेधले होते. तरीही या चित्रांना ‘लिपी’ म्हणावे की नाही यावर वाद झडत राहिला. माझ्या मते मडके आणि पाणी पाहिल्यावर नकाराला फारशी जागा उरत नाही.

या पद्धतीची खरी कसोटी परकी नावे आली तेव्हा लागली, कारण नाहुआत्लमध्ये ‘द’ आणि ‘र’ हे ध्वनीच नाहीत. तेलेरियानो-रेमेन्सिस हस्तलिखितात व्हाइसरॉय आंतोनियो दे मेंदोसा यांचे आडनाव घायपाताच्या जातीची एक वनस्पती (मेत्ल) आणि घुशीसारखा बिळात राहणारा एक प्राणी (तोसान) यांच्या चित्रांनी, ‘मे-तोसा’ असे, साधले आहे. त्याच हस्तलिखितात 1541 साली मरण पावलेल्या पेद्रो दे आल्वारादो या स्पॅनिश सेनानीजवळ मात्र नुसता सूर्य आहे. त्याच्या आडनावाचे ध्वनी जुळवण्याच्या खटपटीत चित्रकार पडलाच नाही, कारण स्थानिक लोक त्याला ‘तोनातिउ’, म्हणजे सूर्य, याच नावाने ओळखत होते.