जुनं ॲप उडवू नकोस, आधी मेमरी कार्ड बाहेर काढ

भावा, 'ईथरएसएक्स२ वर गॉड ऑफ वॉर २ अडखळतोय, ते काढून नेदरएसएक्स२ टाकू का?' हे तुझं वाचलं आणि पोटात गोळाच आला. ईथर म्हणजे फोनवर प्लेस्टेशन २ (पीएस२) चे गेम चालवणारं ॲप, म्हणजे एम्युलेटर, आणि नेदर ही त्याचीच दुसऱ्यांनी सुधारलेली आवृत्ती. काढलं नसशील तर थांब.

बायोस (पीएस२ चं मूळ सॉफ्टवेअर), कंट्रोलर वगैरे तुला जमलंय असं धरतो.

ईथरचं काम जानेवारी २०२३ मध्ये बंद पडलं, मग मीपण नेदरकडं वळलो. नेदरची फाईल जुन्या ॲपवर बसेचना. दोन्हीचं आतलं नाव एकच, पण बनवणाऱ्याची डिजिटल सही वेगळी, म्हणून अँड्रॉइड घेत नाही. राजारामपुरीत एका मोबाइलवाल्याकडं काच बसवायला गेलो होतो, त्याला सहज दाखवलं. बघितलं न बघितलं आणि म्हणतोय, "जुनं उडवा, काय जात नाय." मी शहाणा, तिथंच काउंटरवर उडवलं! अँड्रॉइड ११ पासून असल्या ॲपचा डेटा त्याच्या स्वतःच्या फोल्डरात असतो, ॲप गेलं की फोल्डर गेलं. अडीच महिन्यांचा खेळ साफ. परत जाऊन विचारलं तर, "बॅकअप तुम्ही घ्यायचा असतो साहेब." काचेचे पैसे मात्र मोजून घेतले.

त्याच्यावर किती चिडू? मी प्रकाशाच्या खांबापाशी जाऊन रीतसर सेव्ह करायचा कंटाळा करायचो, सगळी भिस्त सेव्ह स्टेटवर. स्टेट म्हणजे त्या क्षणाची एम्युलेटरची स्थिती. आवृत्ती बदलली की बऱ्याचदा उघडतच नाही. मेमरी कार्ड म्हणजे फोनमधलं कार्ड नव्हे, पीएस२ च्या कार्डाची नक्कल करणारी फाईल, गेममधलं रीतसर सेव्ह तिच्यात जातं. ही ८ एमबीची फाईल मात्र संगणकावरच्या पीसीएसएक्स२ या एम्युलेटरमध्येसुद्धा चालते.

म्हणून आज गेममध्येच सेव्ह कर. मग फोन केबलनं संगणकाला जोड, अँड्रॉइड, डेटा, ईथरचं फोल्डर, फाईल्स असं आत जा आणि 'मेमकार्ड्स' उचलून ठेव. फोनमधल्या फाईल मॅनेजरला ते बहुतेक दिसणार नाही, त्यानं घाबरू नकोस. नवं टाकल्यावर त्याच जागी परत ठेव.

आणि खरं सांगू का, अडखळण्यात ॲपचा दोष कमी असावा. तुझा फोन माली ग्राफिक्स चिपचा आहे म्हणतोस, पीएस२ ला स्नॅपड्रॅगनमधला ॲड्रिनो चिप बरा पडतो. स्नॅपड्रॅगन ८४५ च्या खालच्या फोनकडून मी तरी फार अपेक्षा ठेवत नाही. रिझोल्यूशन १ पटीवर आण, चित्र काढायच्या व्हल्कन आणि ओपनजीएल या दोन्ही पद्धती सेटिंगमध्ये लावून बघ, कव्हर काढून खेळ. माझ्या फोनवर चाललं ते तुझ्यावर चालेलच असं नाही, पण सेटिंग बदलून काही उडत नाही.

मी गेम पहिल्यापासून परत खेळतोय. ऱ्होड्सचा पुतळा दुसऱ्यांदा पाडला, आणि पुढचा खांब दिसल्या दिसल्या सेव्ह केलं.