विणकामाचा नमुना सुस्पष्ट आणि विणायला सोपा कशामुळे होतो?

माझ्या मते नमुन्याची स्पष्टता सर्वाधिक अवलंबून असते ती टाक्यांच्या हिशेबावर: ज्या ओळीत टाके वाढतात किंवा घटतात, तिच्या शेवटी सुईवर किती टाके असायला हवेत हे लिहिलेले असले, तर चूक तिथेच सापडते आणि पुढचे विणकाम उसवावे लागत नाही. प्रारंभी लोकरीची जाडी, सुयांचा क्रमांक आणि 10 सेंटिमीटरमध्ये बसणारे टाके व ओळी द्याव्यात. 22 ऐवजी 20 टाके बसले, तर 110 टाक्यांची रुंदी 50 ऐवजी 55 सेंटिमीटर होते. संक्षेपांचे अर्थ आधीच सांगावेत. गळ्याचे आणि मुंढ्याचे टाके एकाच वेळी घटवायचे असल्यास ती सूचना कृतीच्या आधी यावी. ती नंतर देणे मला अक्षम्य वाटते.